सिल्व्हरटाउनचा स्फोट आणि रसायनाची मर्यादा

१९ जानेवारी १९१७ रोजी संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाउन या मजूरवस्तीत ब्रनर मॉन्ड कंपनीच्या कारखान्यात आग लागून सुमारे ५० टन टीएनटी उडाले. ७३ माणसे मेली, चारशेंहून अधिक जखमी झाली. या कारखान्यात टीएनटी तयार होत नव्हतेच. बाहेरून आलेले कच्चे टीएनटी तेथे नुसते शुद्ध करीत. ते शुद्ध का करावे लागे? आम्ही चळवळीतली माणसे अशा वेळी नफेखोरीकडे बोट दाखवून मोकळे होतो; परंतु पहिले उत्तर रसायनशास्त्रातच आहे.

टोल्यूइनच्या षट्कोणी कड्यावरील हायड्रोजन काढून त्या जागी नायट्रो गट बसविणे, यास प्रतिष्ठापन म्हणतात. कागदावर तीन गट बसवायला एक ओळ पुरते. भांड्यात तसे घडत नाही. नायट्रिक आम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणात पहिला गट सहज बसतो. पण बसलेला प्रत्येक गट कड्यातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो व पुढच्याची वाट अडवितो. तिसऱ्यासाठी अतिशय तेज आम्ल आणि भरपूर उष्णता लागते. (नुसत्या बेंझीनवर तर तिसरा गट इतक्या कष्टाने बसतो की, ट्रायनायट्रोबेंझीन हवे असल्यास आधी टीएनटी करून त्याचा मिथिल गट काढून टाकणे सोपे पडते!) शिवाय गट नेहमी हव्या त्याच जागी बसत नाही. पहिल्याच पायरीला शंभरांतील चारएक रेणूंत तो भलतीकडे जातो, आणि ती भेसळ शेवटपर्यंत राहते. असे टीएनटी कमी उष्णतेला वितळते व तोफगोळ्यातून तेलासारखे पाझरते.

१९१५ साली ब्रिटिश फौजेला तोफगोळे अपुरे पडले, तेव्हा सरकारने सिल्व्हरटाउनचा, १९१२ पासून बंद पडलेला कॉस्टिक सोड्याचा विभाग या कामासाठी घेतला. कच्चा माल वितळवून गरम मद्यार्कात विरघळवायचा आणि निवल्यावर स्फटिक वेगळे काढायचे, अशी रीत होती. कंपनीचे रसायनज्ञ फ्रीथ यांनी धोक्याचा इशारा दिला होता, कंपनीही राजी नव्हती. तरी सप्टेंबर १९१५ मध्ये काम सुरू झाले. कारखान्याचे मुख्य रसायनज्ञ डॉ. अँड्रिया एंजेल आग विझवितानाच गेले. रेणूच्या हट्टापुढे इलाज नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण ते काम मजुरांच्या चाळींना लागून करावे, हे कोणत्या समीकरणात लिहिले होते?

पुढे मद्यार्काऐवजी सोडियम सल्फाइटच्या पाण्याने टीएनटी धुण्याची रीत रूढ झाली. मद्यार्क पेटण्याचे भय गेले. मात्र भेसळ आता धुण्याच्या लालभडक पाण्यातून बाहेर पडते, आणि ते पाणी विषारी असते.