‘निर्धोक’ या विशेषणाचा प्रवास : ई-सिगारेटच्या स्वादद्रव्यांच्या इतिहासाची एक बाजू

ई-सिगारेटचा इतिहास बहुधा २००३ पासून सांगितला जातो. त्या सुमारास होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने तिचे आधुनिक रूप सिद्ध केले. परंतु उपकरणाचा जन्म आणि त्यातील स्वादांचा जन्म या दोन भिन्न घटना होत. आंबा, व्हॅनिला, लोणी हे स्वाद खाद्यपदार्थांच्या धंद्यात पूर्वीच तयार होते. तेथून ते उसने घेतले गेले. त्यांच्यासमवेत ‘निर्धोक’ हे विशेषणही आले. त्या विशेषणाचे पुढे काय झाले, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

कृत्रिम स्वादांच्या उद्योगाचा आरंभ जर्मनीत शोधावा लागतो. टीमान व हारमान यांनी १८७४ मध्ये सूचिपर्णी वृक्षांतील कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन तयार केले. पुढे अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने अन्नात मिसळावयाच्या द्रव्यांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले. मात्र तज्ज्ञांच्या मते सामान्यतः निर्धोक असलेल्या द्रव्यांना त्यातून सूट मिळाली. स्वाद-उत्पादकांच्या संघाने १९६० मध्ये तज्ज्ञमंडळ नेमले आणि १९६५ मध्ये अशा हजाराहून अधिक द्रव्यांची यादी प्रसिद्ध झाली. कायद्याच्या व्याख्येत एक अट होती : द्रव्य निर्धोक ठरते ते योजिलेल्या उपयोगापुरते. येथे तो उपयोग म्हणजे अन्नात मिसळणे.

ई-सिगारेटचा द्रव करण्याची रीत तशी सोपी आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटिन व स्वादांचे अर्क प्रमाणात घालतात आणि मिश्रण मुरू देतात. पुढे तापणाऱ्या तारेने त्याची वाफ होते. अशी सोपी कृती आणि तयार अर्क हाताशी असल्यावर विस्तारास वेळ लागला नाही. इंग्रजी संकेतस्थळांच्या एका पाहणीत जानेवारी २०१४ पर्यंत ४६६ छाप आणि ७,७६४ स्वाद मोजले गेले. ‘खाद्य-दर्जाचे’ ही ग्वाही या व्यापारात वारंवार दिली जाई. ‘खाण्यापुरते’ ही अट मात्र गळून गेली.

ती अट किती मोलाची होती, हे डायासेटिलच्या उदाहरणावरून कळते. लोण्यात स्वभावतःच असणारे हे द्रव्य उपर्युक्त यादीत होते. तथापि २००० मध्ये अमेरिकेतील मिझूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखा कायमच्या अरुंद करणारा दुर्मीळ रोग जडल्याचे उघड झाले. लोण्याच्या स्वादाची वाफ हुंगणे हे त्याचे कारण असल्याचे पुढील तपासांतून दिसून आले. हा बोध छापून प्रसिद्ध झाल्यावरही, हार्वर्ड येथील संशोधकांना २०१५ मध्ये तपासलेल्या ५१ स्वादांपैकी ३९ स्वादांत डायासेटिल आढळले. ई-सिगारेटने हाच रोग होतो असे यावरून सिद्ध होत नाही; साध्या सिगारेटच्या धुरातही डायासेटिल असते. सिद्ध होते ते इतकेच की, पोटासाठी दिलेला निर्वाळा फुप्फुसाला लागू करता येत नाही. स्वाद-उत्पादकांच्या संघानेही आपली यादी ई-सिगारेटसाठी नाही असे स्पष्ट केले आहे. शिवाय द्रव बाटलीत स्थिर राहतोच असे नाही. व्हॅनिलिनसारखी द्रव्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून नवी संयुगे बनतात आणि ती श्वसनमार्गातील दाहसंवेदी ग्राहकांना उत्तेजित करतात, असे २०१८ मध्ये दाखविण्यात आले. अशी संयुगे कोणत्याही अर्काच्या लेबलावर असण्याचा संभव नाही.

भाषाभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. मराठीत तंबाखू खातात, विडी ओढतात. क्रियापदे भिन्न ठेवून भाषेने तोंडाचा व श्वासाचा मार्ग वेगळा राखला आहे. परंतु ‘धूम्रपान’ या संस्कृतोद्भव शब्दात धूर प्यायला जातो, आणि नव्या व्यापारात द्रवाला ‘ज्यूस’ म्हणतात. पेयाची ही उपमा रूढ झाली की, पेयासाठी दिलेली ग्वाही वाफेलाही लागू आहे असा समज सहज होतो.

भारताने २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेत स्वादयुक्त द्रवांना परवानगी नाकारण्याचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नियामक संस्थेने आपलेच पूर्वीचे निकष अयोग्य रीतीने बदलले हा आक्षेप तेथे टिकला नाही. या निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा येथे कर्तव्य नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एवढे ध्यानी ठेवावे की, प्रमाणपत्रातील विशेषण वाचताना ते कोणत्या उपयोगासाठी दिले होते, हे आधी पाहिले पाहिजे.