कचेरीतील उस्ताद

कारागिराच्या पोराला उस्तादाच्या हाताखाली ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. उस्ताद हत्यार धरायला शिकवी. शिवाय गिऱ्हाइकापुढे "हा माझा शागीर्द" म्हणून त्याला उभा करी. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो. शिकलेल्या मुली कचेऱ्यांतून अधिकारपदांकडे वळल्या तेव्हा नेमकी तीच उणीव त्यांना भासली.

1977 साली अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर चढणाऱ्या माणसामागे बहुधा कोणी वरिष्ठ असतो, तो बैठकीत त्याची बाजू लढवतो, असे त्यांना आढळले. पण वरिष्ठ आपल्यासारख्यालाच जवळ करतात. मग पुरुषांच्या घोळक्यातील एकट्या बाईला विचारणार कोण? तिची चूक मात्र साऱ्या स्त्रियांची चूक ठरते.

कॅथी क्रॅम यांनी 1985 च्या आपल्या पुस्तकात या नात्याची दोन अंगे सांगितली: कामात पुढे नेणे आणि मनाला आधार देणे. वरिष्ठ पुरुष व तरुण स्त्री यांच्यात ते जुळताना लोकांच्या कुजबुजीची धास्ती दोघांनाही असते, हेही त्यांनी नोंदवले. आपल्या पालकांना हे वेगळे सांगायला नकोच! असे नाते जुळायला आणि वाढायला वर्षे लागतात. साहेबाने यादी करून जोड्या लावल्या म्हणजे ते होत नाही.

आपल्या मुंबईतले उदाहरण आयसीआयसीआयचे. ललिता गुप्ते 1971 साली तेथे रुजू झाल्या, शिखा शर्मा 1980 मध्ये, चंदा कोचर 1984 मध्ये. 1985 पासून संस्थेची धुरा वाहणारे नारायणन वाघुल यांनी बाई की पुरुष हे न पाहता अवघड कामे सोपवली, असे त्यांच्या हाताखाली वाढलेल्या स्त्रिया सांगत आल्या आहेत. 2009 साली कोचर आयसीआयसीआय बँकेच्या, तर शर्मा ॲक्सिस बँकेच्या प्रमुख झाल्या. दोघींनीही ती पदे 2018 मध्ये सोडली.

2010 साली हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, स्त्रियांना सल्लागार पुष्कळ मिळतात, तरी बढत्या पुरुषांनाच अधिक. कारण सल्ला देणे वेगळे आणि आपला शब्द पणाला लावणे वेगळे. त्यांनी आयबीएमच्या युरोपातील योजनेचा दाखला दिला. तेथे निवडलेल्या स्त्रीला वर्षभरात बढतीयोग्य करण्याचे काम एका वरिष्ठावर सोपवले जाई, आणि बढती हुकली तर अपयश त्या वरिष्ठाच्या नावे धरले जाई, तिच्या नव्हे.