बॅकबेचा सट्टा : १८६४ची मुंबई आणि समुद्राखालची जमीन

मुंबई वाढणार, म्हणून मुंबईत जमीन घ्यावी, हा विचार आजचा नाही. १८६४ साली तो शहरातल्या पेढ्यापेढ्यांवर बोलला जात होता. आणि नवल असे की तो चुकीचा नव्हता.

त्या काळचा चोखंदळ गुंतवणूकदार डोळ्यांसमोर आणा. ठाण्यापर्यंतची रेल्वे १८५३ची. १८६३मध्ये बोरघाट ओलांडून लोहमार्ग थेट पुण्याशी जोडला गेला. कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडले जात होते. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेही १८६३ सालीच. शहराची चिन्हे याहून शुभ ती काय असणार?

परंतु पैसा या चिन्हांमुळे आला नव्हता. तो आला होता युद्धामुळे. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव कडाडले. युद्धाच्या त्या काही वर्षांत नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा हिशेब इतिहासकार देत आले आहेत.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? बँका निघाल्या, ‘फायनान्शियल’ मंडळ्या निघाल्या आणि सर्वांवर ताण करणाऱ्या भरावाच्या कंपन्या निघाल्या. त्यांत मुकुटमणी बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधल्या उथळ उपसागरात भराव घालून जमीन करायची, ही तिची योजना. ५,००० रुपये भरणा झालेला तिचा भाग सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. जमीन तेव्हा पाण्याखालीच होती!

हे शक्य झाले उधारीमुळे, आणि खरी मेख येथेच आहे. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला कंपन्यांचे भाग तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. या बँकेत प्रेमचंद रायचंद यांचा शब्द चाले आणि बॅकबेच्या सट्ट्याचे सूत्रधारही तेच. भाग तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी भाग, त्यामुळे भाववाढ आणि वाढलेल्या भावावर आणखी कर्ज. शिवाय वायद्याचे सौदे होते. पुष्कळांची फेड १ जुलै १८६५ला ठरलेली होती.

९ एप्रिल १८६५ला जनरल ली शरण आला. कापूस कोसळला. १ जुलैला देणेकऱ्यांपाशी द्यायला काही उरले नव्हते. प्रेमचंदांसकट मोठमोठे सावकार बुडाले. १८६८मध्ये बँक ऑफ बॉम्बे दिवाळ्यात निघाली. (प्रेमचंदांनी १८६४च्या तेजीतच विद्यापीठाला देऊन टाकलेल्या पैशांतून राजाबाई मनोरा मात्र उभा राहिला.)

आता जनगणनेचे आकडे पाहा. १८६४ : ८,१६,५६२. १८७२ : ६,४४,४०५. १८८१ : ७,७३,१९६. १८९१ : ८,२१,७६४. म्हणजे तेजीच्या गर्दीचा आकडा पुन्हा गाठायला शहराला २७ वर्षे लागली. मधल्या काळात सुएझ कालवा खुला झाला, गिरण्या वाढल्या, पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८६४च्या गुंतवणूकदाराने शहर अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागते. पण त्याने दिलेल्या किमतीत पुढल्या पिढीची मुंबई आगाऊ मोजलेली होती आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने. २७ वर्षे थांबण्याची सवलत कर्ज काढणाऱ्याला नसते.

माझ्या मते, प्रेमचंदांना खलनायक ठरवून हा इतिहास सोपा केला जातो. तारणाचा नियम सैल करणारे सरकार त्यातून अलगद निसटते.

बॅकबे कंपनी मोडीत निघाली. तिने भरलेल्या किनारपट्टीवरून बीबीसीआय रेल्वेची गाडी धावू लागली, तीच आजची चर्चगेटची वाट. उपसागराचा भराव १९२०च्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतला. त्यातही खर्च भडकला, आणि खुर्शेद नरिमन यांनी त्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. मरीन ड्राइव्ह उभा राहिला तो त्यानंतर, पहिल्या कंपनीला सुमारे पाऊणशे वर्षे होत आली तेव्हा.