गावाची राखण कोणी करायची? पाटीलकी जन्माची की रहिवासाची



पोलीस पाटील पदाची जाहिरात निघाली की आमच्या किन्हीराजा भागातल्या बचत गटांच्या बैठकीत तिची चर्चा होतेच. दहावी-बारावी झालेली, हिशेबात पक्की असलेली एखादी सून म्हणते, मी अर्ज भरू का? लगेच कोणीतरी बोलतं, "ती कुठं इथली? ती तर लग्न करून आलेली." जाहिरातीत मात्र 'गावात जन्मलेला' असं लिहिलेलं नसतं. तिथं दोन शब्द असतात : 'कायम रहिवासी'. हे दोन शब्द तिथवर यायला फार वर्षं लागली. त्याचा इतिहास आज आम्ही तुमच्यापुढं ठेवणार आहोत.

आपल्याकडं पूर्वी गावचा कारभार वतनावर चालायचा. पाटील सारा गोळा करी, तंटे मिटवी, चोरी झाली तर माग काढवी. लिहिण्याचं काम कुलकर्ण्याकडं, आपल्या वऱ्हाडात पटवाऱ्याकडं. शिवेची खूण दाखवणं, रात्री गावाची राखण करणं, वर्दी घेऊन तालुक्याला पायी जाणं ही कष्टाची कामं महार समाजाच्या माथी वतन म्हणून मारलेली. राखणीचा मान एका घरात आणि राखणीचे कष्ट दुसऱ्या घरात, दोन्ही जन्मानंच ठरलेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, ते याच जाचातून माणसं सोडवायला.

इंग्रजांनी ही रीत मोडली नाही, कागदावर पक्की केली. मुंबई इलाख्यात १८६७ साली गाव पोलिसांचा कायदा झाला, १८७४ साली वतनांचा. त्यात बाईची जागा कुठं होती? वतन बाईच्या नावावर आलं, तरी काम करायला तिच्यातर्फे पुरुष गुमास्ता उभा राही. मग १८८६ साली आणखी एक कायदा आला. वारसाहक्कात वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या बाकी सगळ्या बायका मागं टाकल्या. आधी घराण्यातले पात्र पुरुष, त्यांच्यानंतर लेकीबाळी. म्हणजे ज्या लेकीचा जन्म त्याच गावात, त्याच वाड्यात झाला, तिलाही जन्माचा उपयोग नाही. 'इथली' असण्याचा फायदा बाईला तेव्हाही मिळाला नाही, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आपला वाशीम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. वाशीम १९०५ पर्यंत वेगळा जिल्हा होता, मग अकोल्यात मिसळला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. कायदे निराळे असले तरी वऱ्हाडातही पाटील-पटवाऱ्यांची पदं घराण्यातच चालत.

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. घटनेच्या सोळाव्या कलमानं सांगितलं की सरकारी पद देताना धर्म, जात, लिंग, वंश, जन्मस्थान अशा कारणांवरून कोणालाही डावलायचं नाही. तरी गावातली पदं घराण्यातच राहिली होती. आंध्रातल्या एका गावात मुन्सफाच्या, म्हणजे आपल्या पाटलासारख्या पदाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयानं निकाल दिला : गावचं पद हेही सरकारी पदच आहे, आणि केवळ अमक्या घराण्यातला म्हणून ते कोणाला देता येणार नाही.

महाराष्ट्रानं १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलांची पदं काढून टाकली. पुढं १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. त्यानं वंशपरंपरेचा पोलीस पाटील संपवला आणि सगळ्या राज्याला एकच कायदा लावला. तेव्हापासून पोलीस पाटील हा नेमलेला माणूस झाला. आता उपविभागीय अधिकारी जाहिरात काढतात, लेखी परीक्षा होते, तोंडी परीक्षा होते. वय २५ ते ४५, शिक्षण दहावी, भारताचं नागरिकत्व आणि गावचा रहिवास. जातीनिहाय आरक्षण आहे, महिलांसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४ मध्ये मानधन महिना ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला.

पण हे पद म्हणजे फक्त मानधन नाही. गावात काय चाललंय ते दंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवणं, गुन्हा होऊ न देणं, झाला तर तपासाला मदत करणं ही पोलीस पाटलाची कामं. गावात कोणाचा अचानक किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर त्याची खबर ताबडतोब देणं हे कायद्यानं त्याच्यावर बंधन आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे.

आता विचार करा. एखाद्या घरातली सून विहिरीत सापडली, नाहीतर जळाली. ठाण्याला पहिली खबर कोण देतं? 'पाय घसरला' म्हणून देतं, की जे दिसलं ते सांगतं? खबर लगेच जाते, की सरण पेटल्यावर? कोवळ्या पोरीचं लग्न ठरलं तर ते कोणाच्या कानावर आधी येतं? दुसऱ्या गावाहून एकटी आलेली बाई रात्री कोणाचं दार वाजवू शकते? म्हणून पोलीस पाटील कोण, हा प्रश्न आपल्या जिवाशी जोडलेला आहे. सासरी परकं असणं म्हणजे काय, हे लग्न करून आलेल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही.

काही बायका म्हणतात, सून झाली म्हणून काय झालं, तीही एका भावकीचीच असणार. खरं आहे. पण गावात जन्मलेला पुरुषही भावकीचाच असतो. भावकीला आवर घालायला परीक्षा आहे, अधिकारी आहेत, तक्रार करायची सोय आहे. जन्माचा दाखला भावकीवरचा उपाय नाही.

हाच प्रश्न दूरच्या देशांतही गाजला आहे. अमेरिकेत कामासाठी जाऊन राहिलेल्यांना कायम रहिवासाचा परवाना मिळतो, त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. आपली मराठी माणसंही त्यात आहेत. ते तिथं कर भरतात, त्यांची लेकरं तिथल्या शाळेत जातात, पण ते नागरिक नसतात. अशा एका रहिवाशाला न्यूयॉर्क राज्याच्या पोलीस दलात जायचं होतं. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोलिसाच्या हातात लोकांवरचा अधिकार असतो, म्हणून राज्यानं फक्त नागरिकच घेतले तर चूक नाही. पण पुढं काही राज्यांनी आपणहून दार उघडलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून आणि इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२४ पासून, कायदेशीर काम करण्याची परवानगी असलेल्या पण नागरिक नसलेल्या माणसालाही पोलीस होता येतं. न्यूझीलंडमध्येही कायम रहिवासी पोलीस होऊ शकतो.

नागरिक नसलेल्याला हा अधिकार द्यावा का, यावर तिथं दोन बाजू आहेत. त्या आपण नीट समजून घ्याव्यात. एक बाजू म्हणते, ज्यानं देशाशी कायमची गाठ बांधली नाही, त्याच्या हाती दंडुका नको. दुसरी म्हणते, जो इथं राहतो, इथली भाषा बोलतो, इथल्या लोकांना रोज तोंड देतो, तोच राखण चांगली करील. आपल्या सुनेच्या बाबतीत तर पहिल्या बाजूचं म्हणणंही पुरं होतं. ती देशाची नागरिक आहे, आणि गावाशी तिनं गाठ बांधली आहे ती जन्मभराची. माहेरचं नाव, माहेरचं घर मागं ठेवून ती आली. याहून कायमचा रहिवासी कोण असतो?

तरीही अडचणी आहेत, आणि बऱ्याचशा कागदाच्या आहेत. रहिवास सासरचा दाखवायचा असतो. जातीचा दाखला मात्र वडिलांच्या जातीवरून, म्हणजे माहेरच्या नावानं असतो. दहावीची गुणपत्रिकाही माहेरच्या नावाची. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र लागतं. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर ऐन वेळी धावपळ होते, आणि जाहिरातीची मुदत कोणासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही आमच्या गटांना सांगतो : नव्या सुनेचं नाव शिधापत्रिकेत आणि मतदार यादीत वर्षाच्या आत आलं पाहिजे, लग्नाची नोंदणी झालीच पाहिजे, आणि हे काम गटाच्या बैठकीत विचारलं गेलं पाहिजे, जसा हप्ता विचारला जातो तसा.

दुसरी अडचण कागदाची नाही. बाई पोलीस पाटील झाली की तिचा नवरा 'पाटील' म्हणून फिरतो, ठाण्यात तोच जातो, सही फक्त तिची. दीडशे वर्षांपूर्वी बाईच्या वतनावर पुरुष गुमास्ता बसायचा, त्याचंच हे नवं रूप. कायद्यानं गुमास्ता काढून टाकला, घरानं तो परत आणू नये. ती पोलीस ठाण्यात बैठकीला निघाली तर गटातल्या एकीनं तिच्यासोबत जावं, तिच्या लेकरांना दुपारी दुसरीनं सांभाळावं. मग नवऱ्यानं तिच्या जागी जायचं कारण उरत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. राज्याची राखण बाईच्या हाती आली, तर गावाची का येऊ नये? पुढची जाहिरात निघेल तेव्हा तुमच्या गटातली कोण अर्ज भरणार, हे याच महिन्याच्या बैठकीत ठरवा, आणि तिचे कागद आजच काढायला लागा.