साथरोगशास्त्राचा अभ्यास : कोणते पुस्तक आधी घ्यावे?

एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र. नावावरून हे फक्त साथींचे शास्त्र वाटते. पण कोणता आजार कोणाला, कुठे, केव्हा आणि का होतो, हा त्याचा खरा विषय. क्षय, रक्तक्षय, मधुमेह, बाळंतपणातले मृत्यू हे सारे त्यात येते. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यालाही ते यायला हवे.

समजा, दोन वस्त्यांत क्षयाचे प्रत्येकी २० रुग्ण आहेत. एकीची लोकसंख्या १,०००, दुसरीची ४,०००. आकडा सारखा, पण पहिल्या वस्तीतले प्रमाण चौपट. महापालिकेला द्यायच्या निवेदनात नुसता आकडा लिहिला तर हा फरक दिसतच नाही. हा हिशेब नीट शिकवणारे पुस्तक आधी निवडावे.

सुरुवातीला : बोनिटा, बीगलहोल आणि शेलस्ट्रॉम यांचे 'बेसिक एपिडेमिऑलॉजी'. जागतिक आरोग्य संघटनेचे हे पुस्तक (दुसरी आवृत्ती, २००६) तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. आटोपशीर आहे आणि प्रकरणाच्या शेवटी प्रश्न आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

त्यानंतर : लिऑन गॉर्डिस यांचे 'एपिडेमिऑलॉजी'. अभ्यासाच्या पद्धती आकृत्यांसह समजावते. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनी हे घ्यावेच.

भारतीय संदर्भासाठी : के. पार्क यांचे जाडजूड पुस्तक, एमबीबीएसवाल्यांचे 'पार्क'. सगळे वाचण्याची गरज नाही. साथरोगशास्त्राचे प्रकरण पुरे. त्यासाठी घाटीत शिकणाऱ्या ओळखीच्या विद्यार्थ्याची जुनी प्रतही चालेल. सरकारी आरोग्य कार्यक्रमांची माहिती मात्र नव्या आवृत्तीतूनच घ्या.

रोथमन यांचे 'मॉडर्न एपिडेमिऑलॉजी' मोठ्या नावाचे आहे, पण संख्याशास्त्राचा पाया नसताना हाती घेतले तर उत्साह मावळतो.

परदेशी पुस्तकांत वर्ग आणि वंश भेटतात, जात क्वचितच. ही उणीव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांनी भरून काढता येते. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे आकडे वेगळे मिळतात. धर्माच्या तक्त्यांत बौद्ध-नवबौद्धांची नोंदही स्वतंत्र असते. पुस्तकात शिकलेले दर या तक्त्यांवर तपासून पाहा.

सोबत एक खरा अभ्यास वाचावा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दवाखान्यात येणाऱ्यांचीच मोजणी केली असती, तर हे दुखणे कागदावर आलेच नसते.

चार-पाच जणांनी मिळून आठवड्याला एक प्रकरण वाचावे आणि दर वेळी आपल्या वस्तीबद्दल एक प्रश्न लिहावा. या प्रश्नांतूनच पुढच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार होईल.