पिसूचा माग : मुंबईच्या प्लेगने शिकवलेला धडा

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्याआधी दोनच वर्षे, 1894 साली, हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. जंतू ठाऊक होता. तो माणसाच्या रक्तात शिरतो कोणत्या वाटेने, हे ठाऊक नव्हते.

या अज्ञानाची किंमत फार मोठी होती. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो अशी समजूत असल्याने मुंबईच्या गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला. 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. पुण्यात गोरे सैनिक घराघरांत शिरले, सामान बाहेर काढले, जाळले. रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. 22 जूनच्या रात्री प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. एवढी उलथापालथ झाली, तरी खरा वाहक कोणाच्याही झडतीत सापडला नव्हता.

फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांचे लक्ष एका विसंगतीकडे गेले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्यांना प्लेग होई. मरून बराच वेळ झालेल्या, थंड पडलेल्या उंदरापासून तो सहसा होत नसे. मग थंड देहावरून नाहीसे काय होते? सिमाँ यांचे उत्तर होते : पिसवा. 2 जून 1898 रोजी कराचीत त्यांनी पिसवांनी भरलेला आजारी उंदीर एका काचपात्रात ठेवला आणि जाळीआड एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा स्पर्श अशक्य होता. तरीही काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगने मेला. त्या काळच्या तज्ज्ञांनी हा निष्कर्ष फारसा मनावर घेतला नाही.

तो सिद्ध झाला मुंबईत. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधन आयोगाने हे प्रयोग काटेकोरपणे पुढे नेले. जमिनीलगत टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना लागण होई, दोन फूट उंचीवरचे सुरक्षित राहत. कारण साधे होते : उंदराच्या पिसूची उडी काही इंचांचीच असते. 1914 मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी उरलेला दुवा जोडला. जंतूंच्या वाढीमुळे पिसूचा अन्नमार्ग तुंबतो. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते.

या ज्ञानाने उपाययोजनेचा क्रमच बदलला. केवळ उंदीर मारले, तर भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. म्हणून आधी पिसवा, मग उंदीर. शिवाय पिसूची अंडी प्राण्याच्या अंगावरून गळून जमिनीवर पडतात. अळ्या फटींतील धुळीत वाढतात आणि कोषातील पिसू यजमानाची चाहूल लागेपर्यंत दबा धरून राहते. म्हणूनच आजही घरच्या कुत्र्यामांजराला औषध लावून भागत नाही. त्याचे अंथरूण, फरशीच्या फटी आणि कोपरे नियमित झाडून-धुऊन घ्यावे लागतात.

शास्त्रज्ञांच्या आधी एक गोष्ट खेड्यांनी ओळखली होती : घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडून रानात झोपड्या बांधायच्या. कारण ठाऊक नसले तरी त्यामुळे माणूस पिसवांपासून दूर जात असे.

ही नजर आजही उपयोगी आहे. 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा विषाणू 1957 साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. त्याचा वाहक म्हणजे गोचीड. गोचीड उडी मारत नाही. पालापाचोळ्यात, गवताच्या पात्यावर वाट पाहते आणि रानातून परतणाऱ्या गुरांबरोबर अंगणापर्यंत येते. तेथे इशारा देतात ती मरून पडणारी माकडे. अशा मृत प्राण्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, गुरांवरील गोचीड काढून टाकणे आणि गोठ्याभोवतीचा पाचोळा साफ ठेवणे, हे साधे उपाय त्या शतकभराच्या शोधाचेच फलित आहेत.