तक्रारीची वेगळी वाट

प्रोग्राम बागेतल्या नळीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असे अमेरिकेतील बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहिले. १९७३मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला. एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती पडू लागले.

मला त्यापुढची घटना अधिक मोलाची वाटते. तेव्हा उत्तर आणि तक्रार एकाच वाटेने जात. फोटोटाइपसेटरचा कागद खटपटीने धुऊन काढावा, तर त्यावर सुबक अक्षरांत एवढेच, की अमुक फाइल उघडत नाही! सहकारी कुरकुरले आणि तक्रारीला स्वतंत्र वाट मिळाली. आजही दुसऱ्या प्रोग्रामकडून काम करून घेताना नुसते उत्तर टिपून भागत नाही. तक्रारीकडेही कान द्यावा लागतो.